शिक्षण-निधी आणि पर्यावरणशास्त्र
(गुणगौरव समारंभातील भाषण)



गतवर्षी आपल्या शिक्षण-निधीकडे एका मुलीचा अर्ज आला होता. तिला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावयाचे होते. ‘हे शिकून पोट कसे भरणार?’ असे म्हणून तो अर्ज बाजूस सारणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याची कबुली आज देणे आम्ही कर्तव्य समजतो.

पुढे आम्ही या विषयाची माहिती करून घेतली. १९८४ साली भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. खाण, धरण किंवा मोठा कारखाना उभारण्यापूर्वी तेथील हवा, पाणी, माती व जीवसृष्टी तपासून अहवाल करावा, जनसुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी द्यावी आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा, असा दंडक २००६ च्या अधिसूचनेने घातला. परंतु सारांश हाती आला तरी त्यातील आकडे पारखणार कोण? विहिरीच्या पाण्याचा प्रश्न असता आपण सुनावणीस मान डोलावून परत येतो!

असे अहवाल करणारे, तपासणारे आणि गावकऱ्यांस उकलून सांगणारे लोक या दोन वर्षांच्या अभ्यासातून तयार होतात. त्यांना कामही मिळते आणि समाजाचेही काम होते.

सबब, निधीच्या नियमांत या विषयाचा समावेश व्हावा आणि त्या मुलीचा अर्ज पुन्हा विचारार्थ घ्यावा, ही आमची नम्र विनंती आहे. इत्यलम्.