दार उघडले, अटी राहिल्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘स्त्रिया आणि विज्ञान’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी शाळेत पुष्कळ वर्षे रसायनशास्त्र शिकविले. तेव्हा त्याच शास्त्रातल्या कमलाबाई सोहोनींची हकीकत सांगते.

कमलाबाई म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. तेथील संचालक सर चंद्रशेखर रामन यांनी, मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई तडक बंगलोरला गेल्या आणि हटून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावयाचे. आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यावयाचे नाही!

वर्षभरात त्यांच्या कामाने रामन यांचे मत पालटले. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालिका झाल्या.

भगिनींनो, ‘वातावरण बिघडवू नका’ ही अट कोणा मुलाला घातली होती काय? आज मुलींना प्रवेश मिळतो. पण अटी सरल्या नाहीत, त्या घरात येऊन बसल्या आहेत. “शीक, पण दिवेलागणीच्या आत घरी ये.” “नोकरी कर, पण मुलाचे आधी पाहा.” प्रयोग मात्र घड्याळाकडे पाहत नाही.

माझी एक हुशार विद्यार्थिनी संशोधन करीत होती. बाळ झाल्यावर तिने ते सोडले. घरात तिला कोणीच ‘नको’ म्हटले नव्हते. फक्त संध्याकाळी बाळाला घ्यावयास कोणी मोकळे नव्हते. अशा किती जणी असतील! संशोधन खंडित झालेल्या स्त्रियांना परत येता यावे, म्हणून २००२च्या सुमारास केंद्र सरकारला निराळी योजना काढावी लागली, यातच सारे आले.

सरकार शिष्यवृत्ती देईल. बाळाला मांडीवर घेणार नाही. ते आपल्याला करता येईल. मंडळाची खोली संध्याकाळी रिकामीच असते. आठवड्यातून एकेक दिवस वाटून घेतला, तर आळीतल्या शिकणाऱ्या मुलींची लेकरे तेथे सुखाने खेळतील. शिवाय जो मोकळेपणा आपण लेकीसाठी मागतो, तो सुनेलाही देऊ या.

कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.