‘अग्निसाक्षी’तला नवरा
(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



पार्थो घोष यांचा ‘अग्निसाक्षी’ (१९९६) गेल्या महिन्यात आम्ही सातपूरच्या एका वस्तीत बायकांसोबत बसून पाहिला. नाना पाटेकरांचा विश्वनाथ ‘ही माझीच बायको’ म्हणत मनीषा कोईरालाच्या मागावर येतो. संशय, मारहाण आणि वर प्रेमाचा दावा! या कामाबद्दल नानांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काम तसं आहेच.

पण मी पडद्यापेक्षा बायकांकडेच जास्त पाहत होते. दाराशी उभी पोरं नानांच्या संवादांना टाळ्या देत होती. आत बायका गप्प. एकजण हळूच म्हणाली, “ताई, मारतो तेव्हा नाही, गोड बोलतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.”

प्रेमाच्या नावाखालची ही मालकी नानांनी नेमकी पकडली आहे. मात्र सिनेमातल्या बाईच्या पाठीशी श्रीमंत दुसरा नवरा उभा राहतो. आपल्या बाईला कोण? तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. तो मारहाणच नव्हे, मानसिक छळही हिंसा मानतो. संरक्षणाचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. पण छळ दिसत नसेल तर तो सांगायचा कसा, इथेच बाई अडते. आणि आपणही “मारलं का?” एवढंच विचारून थांबतो.

ती बाई दोन दिवसांनी केंद्रावर आली. आम्ही अर्ज लिहायला घेतला. पहिलं वाक्य तिचंच ठेवलं: तो गोड बोलतो तेव्हा मला भीती वाटते.