नकाशातला ओढा आणि दुपारनंतरचं पाणी

मुलांना सुट्ट्या लागल्या आणि बे एरियातल्या बऱ्याच घरांत यंदा गळ आणि रीळ आले आहेत असं ऐकतो. रस्त्याकडेच्या तळ्यावर गर्दीत उभं राहून कंटाळला असाल, तर आज सिएरा नेवाडाच्या आडरानातल्या ओढ्यांबद्दल बोलू या.

ओढा आधी घरी, टेबलावर शोधायचा. यूएसजीएसचा १:२४,००० चा नकाशा उघडा. भूगोलाच्या तासाला शिकलेल्या समोच्च रेषा आठवतात ना? जिथे त्या एकमेकींना चिकटल्यात, तिथे पाणी नुसतं कोसळतं. जिथे त्या लांब लांब होतात आणि ओढा वळणं घेत कुरणातून जातो, तिथे डोह असतात, काठाखाली पोकळ्या असतात. मासा तिथे. मग पायवाट बघा. ती ओढ्याला सोडून भलतीकडे गेली असेल आणि डोहापर्यंत अजून तासभर चालायचं असेल, तर फार कोणी जात नाही. सोनोरा पासच्या दक्षिणेला एमिग्रंट विल्डरनेस आहे, तिथून सुरुवात करा.

मोठ्या माशाची आशा धरू नका. एवढ्या उंचीवर उन्हाळा जेमतेम, खाणं कमी. ट्राउट वीतभर भरला तरी चांगला. तो प्रवाहाकडे तोंड करून, वाहत येणाऱ्या किड्यांची वाट बघत थांबतो. म्हणून आपण खालून वर, त्याच्या पाठीमागून जायचं, आणि सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. (कोकणातल्या मंडळींना चढणीचे मासे आठवले असतील. ते अंडी घालायला वर निघालेले असतात, हा आपला जागेवरच असतो.)

आता मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी नीट ऐका. सह्याद्रीत ओढ्याला पाणी चढतं ते पावसाने. ढग दिसतात, आपण सावध होतो. इथे आकाश निळंभोर असतं आणि पाणी चढतं! जून-जुलैत वरचा बर्फ उन्हाने वितळतो, आणि ते पाणी खाली पोचायला काही तास जातात. त्यामुळे पहाटे ओढा सगळ्यात कमी आणि दुपार कलल्यावर, संध्याकाळी सगळ्यात जास्त. ऊन जितकं कडक, तितकं पाणी जास्त. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलेलं कुटुंब संध्याकाळी मांडीएवढ्या, बर्फगार पाण्यासमोर उभं राहतं, आणि गाडी अलीकडे.

तेव्हा तंबू गाडीच्याच बाजूला टाका. पलीकडे गेलात तर दुपारच्या आत परता. उशीर झालाच, तर रात्र पलीकडे काढा, पहाटे पाणी उतरतं. तशी वेळ येऊ शकते म्हणून दिवसभरासाठी जातानाही गरम कपडे आणि एका जेवणाचं जास्तीचं खाणं सोबत असू द्या. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला हवा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते.

कागदपत्रांचं थोडक्यात: कॅलिफोर्नियात १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, आणि विल्डरनेसमध्ये रात्री राहायचं तर परमिट. किती मासे ठेवता येतात, कोणता गळ चालतो, हे ओढ्यागणिक बदलतं; निघायच्या आदल्या दिवशी नियम बघा. आणि कुठे जाताय, कधी परतणार, हे घरी राहणाऱ्या कोणाला तरी लिहून द्या. वर फोन लागत नाही.