गाडी हळू होती, तरी पडलो

मागच्या महिन्यात हरसूलला बैठकीला येताना एका ताईंना गाडीवर मागे बसवलं होतं. वळणावर खडी. हँडल वळलेलं असतानाच मी पुढचा ब्रेक दाबला, आणि गाडी आडवी! वेग चालण्याएवढाच, पण सायलेन्सरने ताईंची पोटरी भाजली. चूक माझीच होती.

म्हणून सांगते. चालवणारीचे दोन्ही पाय टेकल्यावरच मागे बसा. पदर खोचा. हळू चालवताना हँडल सरळ ठेवा, मागचा ब्रेक वापरा. खडी दिसली की मागचीने उतरून चालावं, त्यात कमीपणा नाही. हेल्मेट कायद्याने दोघींनाही लागतं. भाजलं तर 20 मिनिटं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट नको.

परवा त्याच ताई पुन्हा माझ्याच गाडीवर आल्या. बसण्याआधी विचारतात, “पाय टेकलेत का गं?”