दुसऱ्यांदा आलेलं बोलावणं



आज मी गाण्यासंबंधी बोलणार आहे. रागदारीविषयी नाही, सिनेमातल्या गाण्याविषयीही नाही. चार माणसांसमोर उभं राहून, त्यांच्या तोंडाकडे बघून जो गातो, त्यांना हसवतो, त्यांची रात्र जागवतो, त्याच्या धंद्याविषयी मला बोलायचं आहे. 'धंदा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. पोरगा चांगला गायला लागला की गाव त्याचं कौतुक करतं आणि बाप मात्र काळजीत पडतो. "गाणं ठीक आहे रे, पण पोटाचं काय?" हा बापाचा प्रश्न खोटा नाही. शाळेतल्या गुरुजींनाही तो पुष्कळदा विचारला जातो. तेव्हा त्याचं सरळ उत्तर आज शोधू या.

आपला कर्जत-खालापूरचा मुलूख घ्या. बोरघाटाच्या पायथ्याशी उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या काठानं भाताची खाचरं, आणि वर डोंगराच्या अंगाला ठाकरवाड्या, कातकरवाड्या. कर्जतहून मुंबई रेल्वेनं शंभर किलोमीटर. म्हणजे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला एवढं मोठं शहर. इथं बारा महिन्यांत गाण्यावाचून राहिलेला महिना सापडणं कठीण. श्रावणात देवळातलं भजन, भाद्रपदात गौरी-गणपती, कार्तिकात कोकणातून घाट चढून आळंदीला जाणाऱ्या दिंड्या. माघात महाडच्या वरदविनायकाचा आणि कडावच्या गणपतीचा उत्सव. भात झोडून झालं की हरिनाम सप्ताह, जत्रा आणि मग लग्नसराई, ती थेट पाऊस तोंडावर येईपर्यंत. गाणाऱ्याला कामाचा तोटा नाही. प्रश्न एवढाच, की ते काम त्याच्याकडे यावं कसं आणि टिकावं कसं?

याचं एक जुनं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून पुढं एकेका विधीला कोणता धवला म्हणायचा हे तिला मुखोद्गत असतं. ती गायला लागल्याशिवाय विधी पुढं सरकत नाही. लग्नात धवळे गाण्याची रीत मराठीत फार जुनी आहे. मराठीतली आद्य कवयित्री महदंबा हिनं तेराव्या शतकात रचले ते धवळेच, आणि तेही लग्नाचेच, कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात महदंबा शिकवताना गावातल्या धवलारणीचं नाव जरूर घ्यावं. मुलांच्या डोक्यात लख्ख उजेड पडेल.

आता या बाईला लोक का बोलावतात? तिचा आवाज गावात सर्वांत गोड असतो म्हणून? तसंच काही नाही. तिला प्रसंग कळतो म्हणून. कुठं थांबायचं, कुठं नवरीच्या आईला सावरायचं, कुठं व्याह्यांची थट्टा करायची आणि ती किती करायची, हे तिला कळतं. एका घरी थोरल्या मुलीच्या लग्नात ती गायली, की धाकटीच्या लग्नात विचारावं लागत नाही. निरोप तिलाच जातो. श्रोतेहो, माझं आजचं सांगणं हेच आहे. पहिलं बोलावणं नावावर येतं, ओळखीनं येतं, कधी नशिबानंही येतं. दुसऱ्यांदा आलेलं बोलावणं मात्र आपल्या कामावर येतं. गाणाऱ्याची सगळी कारकीर्द या दुसऱ्या बोलावण्यावर उभी असते.

महाराष्ट्रातले मोठे गाणारे पाहिले तरी हेच दिसेल. शाहीर साबळे १९२३ साली वाईजवळच्या पसरणीत जन्मले. पोवाड्यावर ते थांबले नाहीत. १९६० साली 'यमराज्यात एक रात्र' हे मुक्तनाट्य त्यांनी रंगमंचावर आणलं. पुढं 'महाराष्ट्राची लोकधारा' उभी केली आणि वासुदेव, गोंधळी, कोळी यांची गाणी व नाच शहरातल्या थिएटरांत नेले. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या आवाजात घरोघर पोचलेलं महाराष्ट्रगीत २०२३ साली राज्यगीत झालं. दुसरे विठ्ठल उमप. १९३१ साली मुंबईत नायगावला जन्म. लोकगीत, पोवाडा, भारूड, कव्वाली, गझल, जे लोकांना हवं ते त्यांच्या गळ्यात तयार. द्रौपदीची कथा सांगणारं त्यांचं 'जांभूळ आख्यान' लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या कार्यक्रमात मंचावरच ते कोसळले आणि गेले, वय एकोणऐंशी. एवढ्या वयात माणसाला बोलावणी येत होती, हे लक्षात घ्या. दोघांचंही भांडवल एकच. साठा मोठा, आणि समोरच्या माणसाची पारख पक्की.

आता व्यवहाराकडं येऊ. तरुण गाणाऱ्यानं काय काय सांभाळावं?

पहिला गळा. आपण बोलतो तेव्हा पुरुषाच्या गळ्यातल्या स्वरपट्ट्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि बाईच्या दोनशेच्या आसपास एकमेकींवर आपटतात. गाताना वरच्या सुरात हा आकडा आणखी चढतो. आता रात्रभराच्या भजनाचा हिशेब करून बघा! शेजारच्या गावची मंडळी काळी पाचात गातात म्हणून आपणही काळी पाच धरायची, हा हट्ट सोडावा. आपला गळा ज्या पट्टीत मोकळा लागतो ती आपली पट्टी. गाण्याआधी हळू आवाजात गळा तापवावा, मधूनमधून पाणी प्यावं, तंबाखू आणि दारू दूर ठेवावी. घसा बसला असता कुजबुजून बोलण्यापेक्षा मुळीच न बोललेलं बरं. आणि बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर काढे पुरेत. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावं.

दुसरा साठा. मोबाईलवर ऐकलेली दहा गाणी सगळ्यांनाच येतात, मग तुम्हालाच का बोलवायचं? आपल्या आजीला येणारं जात्यावरचं गाणं, वाडीवर फेर धरताना म्हणतात ते गाणं, गावच्या देवळात वर्षानुवर्षं म्हटला जाणारा अभंग, हे दुसऱ्या कुणापाशी नाही. ते एका वहीत उतरवून ठेवा. ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव शेजारी लिहा आणि गाताना ते सांगा. ठाकराचं गाणं त्याला विचारल्याशिवाय उचलायचं आणि मंचावर आपलं म्हणून म्हणायचं, हे बरं नव्हे. सिनेमाचं गाणं म्हणू नये असं मी म्हणत नाही. लोकांनी मागितलं तर म्हणावं. पण आपल्या घरचं एक त्यांना न मागता ऐकवावं.

तिसरा पैसा. इथं बरीच मंडळं फुटतात. समजा सात जणांची मंडळी आहे आणि दहा हजार रुपये बिदागी ठरली. गाडीला दोन हजार गेले. राहिले आठ हजार. त्याचे आठ वाटे करावेत. सात माणसांचे सात आणि आठवा वाद्यांचा. पखवाजाचं पान फुटलं, पेटीचा भाता फाटला, तर हाच आठवा वाटा कामाला येतो. नाहीतर ऐन सप्ताहात वर्गणी मागत फिरावं लागतं. हिशेब सर्वांसमोर, त्याच रात्री. तारीख धरताना किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, जेवण कुणाकडं, स्पीकर कुणाचा, हे कागदावर लिहून घ्यावं आणि थोडा विसार घ्यावा. यात लाजण्यासारखं काही नाही. गवंडी विसार घेतो, मांडववाला घेतो, मग गाणाऱ्यानंच का संकोच करावा?

आता बापाच्या प्रश्नाचं उत्तर. याच हिशेबानं वर्षाला चाळीस तारखा मिळाल्या, तर एकेकाच्या हाती चाळीस हजार येतात. एवढ्यावर संसार चालत नाही, हे स्पष्ट बोललं पाहिजे. म्हणून पहिली काही वर्षं शेती सोडू नये, नोकरी असली तर तीही सोडू नये. भात लावणीच्या दिवसांत गाण्याच्या तारखा तशाही कमीच असतात. दोन्ही कामं एकमेकांना सांभाळून घेतात. पुढं तारखा वाढल्या, मुंबई-पनवेलहून बोलावणी येऊ लागली, शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायचं काम मिळालं, तर मग विचार करावा. ज्याच्या घरात भाताची कणगी भरलेली आहे तो न पटणाऱ्या सुपारीला नाही म्हणू शकतो. गाणाऱ्याचं समाधान पुष्कळसं या 'नाही' म्हणता येण्यात आहे.

आणखी दोन गोष्टी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातले सरकारनं ठरवून दिलेले मोजके दिवस तेवढे बारापर्यंतची सूट. त्यामुळं रात्रभराचा खेळ दहाच्या आत बसवायला शिकलं पाहिजे. मला यात तोटा दिसत नाही. पाल्हाळ गळतं आणि बायाबापड्या, पोरंसोरं सगळी शेवटपर्यंत बसतात. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आकाशवाणीवर गायचं असेल तर स्वरचाचणी द्यावी लागते. तिथं लागलेली श्रेणी पुढं सगळीकडं उपयोगी पडते. राज्य शासनाची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजनाही आहे. तिथं इतकी वर्षं कला केल्याचा पुरावा मागतात, आणि चाळीस वर्षं गायलेल्या माणसापाशी एकही कागद निघत नाही! तेव्हा छापील पत्रिका, मानपत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं आजपासून एका पिशवीत घालून ठेवा.

शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात एखादी मुलगी चांगली गाते. स्नेहसंमेलनात तिला टाळ्या मिळतात आणि मग ती दिसेनाशी होते. मुलगा भजनी मंडळात जाऊन बसू शकतो, मुलीला तो रस्ता सहसा नसतो. पुरुषांच्या मंडळीबरोबर रात्री-अपरात्री तिला पाठवायला घरची तयार होत नाहीत, आणि त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. पण दिवसाउजेडी होणारी लग्नं आहेत, हळदीकुंकवं आहेत, शाळांचे कार्यक्रम आहेत. चारपाच जणींची मंडळी आपण जमवून दिली, गावातल्या एखाद्या धवलारणीला शाळेत बोलावून त्यांच्यासमोर बसवलं, आणि तिला रीतसर मान आणि नारळ दिला, तर पुष्कळ होईल. आज हळदीच्या मांडवात डीजेचा आवाज एवढा चढतो, की धवलारीण गाते आहे हे शेजारच्याला कळत नाही. तिच्यामागं शिकणारी कुणी नसली, तर ती गाणी तिच्याबरोबरच जातील, आणि ती मग पैसे देऊनही परत आणता यायची नाहीत.

शेवटी समाधानाविषयी. मोठं नाव थोड्यांच्या वाट्याला येतं. पण कडावच्या उत्सवात गायलेल्या माणसाला खालापूरच्या बाजारात कुणी अनोळखी म्हातारा थांबवतो आणि विचारतो, "यंदा आमच्याकडं कधी?" त्या प्रश्नाला पुढच्या तारखेनं उत्तर देता आलं, की गाणाऱ्याचं बरं चाललं आहे असं समजावं. बापालाही तेच उत्तर सांगावं. वही उघडून, धरलेल्या तारखा दाखवून.