वकिलांच्या ऑफिसातले चार आठवडे

(मंडळाच्या गणेशोत्सवात संध्याकाळच्या कार्यक्रमात कायद्याच्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने केलेले भाषण)



आजवर या व्यासपीठावर मी नाचासाठी नाहीतर नाटुकल्यासाठी चढले. या वर्षी चिटणीस काकांनी फर्मान काढले, "तू वकिलांकडे कामाला जात होतीस म्हणे. त्यावर पंधरा मिनिटे बोल." पंधरा मिनिटे म्हणजे कोर्टात फार मोठा वेळ झाला. तेवढ्यात तिथे दहा-पंधरा प्रकरणांना पुढची तारीख मिळून जाते!

सुरुवातीलाच एक खुलासा. मी नोकरीला गेले नव्हते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली कायद्याच्या शिक्षणाचे नियम केले. त्यांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी उमेदवारी करावी लागते. हिलाच आम्ही इंटर्नशिप म्हणतो. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. वकिलांचे ऑफिस, मोठी लॉ फर्म, कंपनी, स्थानिक स्वराज्य संस्था अशी कुठेही ती चालते, पण निदान एकदा तरी खटले चालवणाऱ्या वकिलांकडे जावेच लागते. माझे बरेच वर्गमित्र बंगळूरच्या मोठ्या फर्ममध्ये गेले. मी मात्र आपल्या म्हैसूरमध्येच एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात गेले. दोन खोल्या, तीन कपाटे, एक झेरॉक्स मशीन आणि वीस वर्षे तिथेच असलेले एक गुमास्ते, म्हणजे वकिलांचे कारकून, एवढा तो पसारा.

ही उमेदवारी इतकी महत्त्वाची का, ते सांगते. पदवी मिळाल्यावर सनद मिळण्याआधी एक वर्ष ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम केलेच पाहिजे, असे नियम बार कौन्सिलने १९९५ साली केले होते. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. आता पदवीनंतर सनद घेता येते आणि अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. पण कोणाच्या हाताखाली शिकण्याची सक्ती राहिलेली नाही. त्यामुळे कॉलेजात असतानाचे हे थोडे आठवडे म्हणजे आमची खरी शाळा. पांढरा शर्ट, काळा टाय आणि काळा कोट घालून आम्ही कोर्टात जातो. गळ्यातला पांढरा बँड आणि अंगावरचा गाऊन मात्र सनद मिळाल्यावरच. शेजारच्या आजींनी मला पाहून "वकीलीणबाई" म्हटले तेव्हा मी त्यांना हे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "मग आत्ता तू काय, अर्धी वकील?" मी म्हटले, "पावसुद्धा नाही हो आजी!"

पहिला आठवडा फायली लावण्यात गेला. दावा, कैफियत, अर्ज, पुराव्याची यादी यांचा क्रम चुकला तर कोर्टात साहेब हात पुढे करतात आणि हवा तो कागद मिळत नाही. हे वरवर कारकुनी काम आहे. पण पुस्तकात जे कलम दोन ओळींचे असते ते फायलीत किती पानांचे होते, हे तिथेच कळले. संपूर्ण नकाशापेक्षा गल्लीबोळ माहीत असणे वकिलाला जास्त उपयोगी पडते, असे गुमास्तेकाका म्हणत. कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, नकलेसाठी केव्हा जायचे, हे सारे त्यांनी मला शिकवले.

दुसरी गंमत भाषेची. आपल्याकडच्या खालच्या कोर्टांत कन्नड आणि इंग्रजी दोन्ही चालतात आणि दस्त तर बहुतेक कन्नडमध्येच असतात. माझे शिक्षण इंग्रजीत आणि घरात मराठी, त्यामुळे सुरुवातीला धास्ती वाटली होती. पण कोर्टाची कन्नड कानावर पडली आणि मी चकित झाले. दाव्याला 'दावे', अर्जाला 'अर्जी', नकलेला 'नकलु', जप्तीला 'जप्ती', हजर राहण्याला 'हाजरु' आणि तारखेला 'वायिदे', म्हणजे आपली वायदाच! हैदर, टिपू आणि पुढे दिवाण पूर्णय्या यांच्या काळात म्हैसूरच्या कारभारात कन्नडबरोबर मराठी आणि फारसीही चालत असे. ती सगळी सरमिसळ कोर्टाच्या कागदांत आजही जिवंत आहे.

पण ओळखीचा शब्द कधीकधी फसवतो. आपण नोकरीवर 'रुजू' होतो, कन्नडमध्ये 'रुजु' म्हणजे सही. आपली 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे, कोर्टाच्या कन्नडमधले 'तकरारु' म्हणजे हरकत. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी आपली कितीतरी मंडळी इथे आहेत. सोन्याचांदीच्या गलाईच्या कामासाठी सांगली-साताऱ्याकडून आलेली कुटुंबे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेलेही आहेत. बाजारातली कन्नड सगळ्यांना येते. दस्तातली कन्नड वेगळी असते.

आता ज्यासाठी मी आज बोलायला तयार झाले तो प्रसंग. पक्षकाराची गोष्ट बाहेर सांगायची नसते. हे बंधन वकिलाबरोबर त्याच्या कारकुनांना आणि दुभाष्यालाही आहे. म्हणून साहेबांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे सारे तपशील बदलून सांगते आहे.

एक दिवस दोन भाऊ आणि त्यांची बहीण ऑफिसात आले. भाऊ साहेबांचे पक्षकार. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले घर, मृत्युपत्र नाही, आईही गेलेली. बहिणीने आपला हक्क सोडावा म्हणून 'हक्कु बिडुगडे पत्र', म्हणजे हक्कसोडपत्र, करायचे होते. मसुदा भावांनी बाहेरून टाइप करून आणला होता आणि साहेबांनी तो तपासून द्यायचा होता. बहीण लग्न होऊन महाराष्ट्रात गेलेली, साठीच्या पुढची. आपण त्यांना मावशी म्हणू. त्यांना कन्नड बोललेले समजायचे, पण वाचता येत नव्हते.

साहेबांनी मला हाक मारली. म्हणाले, "यांना हे मराठीत वाचून दाखव. सल्ला देऊ नकोस. तो तुझा अधिकार नाही आणि मी भावांचा वकील आहे, म्हणून माझाही नाही. फक्त जे लिहिले आहे ते वाच."

मी वाचत गेले. मावशी मान हलवत होत्या. एका ओळीपाशी त्यांनी मला थांबवले. ओळीचा अर्थ असा होता, की या हक्काबद्दलचा पूर्ण मोबदला मला मिळाला असून माझी किंवा माझ्या वारसांची यापुढे कसलीही हरकत राहणार नाही.

मावशी म्हणाल्या, "मोबदला म्हणजे पैसेच ना? मला कुठे मिळाले?"

धाकटे भाऊ म्हणाले, "अक्का, तसं लिहायची पद्धतच असते."

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मी देते असं लिही की. भावाला द्यायला मला जड नाही. पण मिळालं असं कशाला लिहायचं? उद्या माझी मुलं हा कागद वाचतील, त्यांना वाटेल आईनं पैसे घेतले आणि आम्हाला सांगितलं नाही."

खोलीत कोणी काही बोलेना. मग साहेबांनी भावांना सांगितले, की न मिळालेल्या पैशांची ओळ त्यांच्याही फायद्याची नाही. उद्या कोणी दस्ताला आव्हान दिले तर हीच ओळ अंगाशी येईल. मोबदला न घेताही हक्क सोडता येतो, तसे स्पष्ट लिहिता येते. आणि मावशींना ते म्हणाले, "तुम्ही आज सही करू नका. दुसऱ्या कोणा वकिलाला विचारा. जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला सल्ला फुकट मिळतो." तिघे उठून गेले. जाताना थोरल्या भावाने बहिणीची पिशवी स्वतः उचलली, एवढे मी पाहिले. माझे चार आठवडे संपले तेव्हा तो मसुदा फायलीत तसाच होता. त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती.

त्या दिवशी घरी जाऊन मी पुस्तक पुन्हा उघडले. मावशींना वाटत होते, की मुलींना हक्क आला तो आत्ता आत्ता. तसे नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे १९५६ पासूनच मुलीचा वाटा मुलाइतका आहे. म्हणजे त्या घरात मावशींचा तिसरा हिस्सा होता. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र मुलींना जन्मतः हक्क उशिरा मिळाला. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तो १९९४ मध्ये लागू झाला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात तो मुलांच्या बरोबरीने आला आणि लग्नाची अट गेली. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले.

सहीचा विचार तर याहून जुना आहे. आपल्या नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला. मधल्या काळात त्यांनी बंगालकडच्या पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींचे काम केले. अशा स्त्रियांच्या नुसत्या सहीवर न्यायालये विसंबत नसत. दस्त तिला समजला होता, हे त्याचा फायदा घेणाऱ्याने सिद्ध करावे, असा दंडक होता. सर्वोच्च न्यायालयानेही १९६२ साली तो मान्य केला आणि निरक्षर स्त्रियांच्या बाबतीतही न्यायालयांनी तो लावला आहे. आपण आता पडद्यात नाही. पण न वाचता सही करण्याची सवय गेली आहे का? पुरुष मंडळींनीही हसू नये, बँकेचे कागद आपण सारे कसे सही करतो ते मला ठाऊक आहे!

म्हणून तीन-चार गोष्टी सांगते. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्ताची नोंदणी लागते. पण सब-रजिस्ट्रार मजकूर समजावून देत बसत नाहीत. सही तुमचीच ना, दस्त तुम्हीच केला ना, एवढे विचारतात. तेव्हा समजून घेणे त्याच्या आधी, घरी झाले पाहिजे. कन्नड वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला बसवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या. समोरच्याच्या वकिलांपेक्षा आपला सल्ला वेगळ्या ठिकाणी घ्या. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. घरात मराठीत किंवा मोडीत लिहिलेले जुने कागद असतील तर जाणकाराकडून त्यांचे भाषांतर करून ठेवा. पुढच्या पिढीला ते वाचता येईलच असे नाही.

आणि माझ्यामागून कायद्याला येणाऱ्या भावंडांसाठी थोडेसे. मोठ्या फर्ममध्ये जरूर जा, पण एकदा तरी आपल्या गावातल्या छोट्या ऑफिसात बसा. मला तिथे मानधन मिळाले नाही, पण कन्नड टायपिंग येऊ लागले आणि मुख्य म्हणजे ऐकायला शिकले. आमच्या अभ्यासक्रमात पक्षकारांच्या दोन मुलाखती पाहणे, दावा तयार होताना पाहणे आणि इंटर्नशिपची डायरी यांना मिळून तीस गुण आहेत. त्या डायरीत मावशींच्या एका प्रश्नाने माझी दोन पाने भरली.

इथल्या आपल्या शेजारणींची गौर चतुर्थीच्या आदल्या दिवशी येते, तेव्हा माहेरहून लेकीला बागिन जाते. आपल्या घरी ज्येष्ठा गौरी माहेरवाशीण म्हणून येतात, आपण त्यांना पुरणपोळी वाढतो. हक्क मागितला तर माहेर तुटेल, या भीतीने कितीतरी माहेरवाशिणी कागद न वाचता सही करतात. हक्क घ्यायचा की सोडायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यात मला किंवा कोणालाही बोलायचे कारण नाही. पण काय सोडले हे माहीत असून सोडणे आणि माहीत नसताना सुटून जाणे यांत फार फरक आहे. ज्या भावांचा बहिणीवर जीव आहे, त्यांनी पेन तिच्या हातात देण्याआधी कागद तिला वाचून दाखवावा, एवढीच माझी विनंती.

दिलेली वेळ संपली आहे, तेव्हा पुढची तारीख न मागता थांबते.

गणपती बाप्पा मोरया!