कथा-कादंबऱ्यांतील अलिप्त पिता

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कथा-कादंबऱ्यांतून कडक वडील पुष्कळ भेटतात. त्यांची चाहूल लागताच घर गप्प होते आणि वाचकही सावध होतो. अशा पित्याचे दोष दाखवायला लेखकाला फारसे सायास पडत नाहीत. परंतु त्याच्या नेमक्या उलट प्रकृतीचा एक पिता साहित्यात पुन्हा पुन्हा येतो. तो रागावत नाही, मारत नाही, कोणाला अडवत नाही. तो घरात असतो, पण घरात घडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत नसतो. सुस्वभावी, वाचनाची आवड असलेला, बोलण्यात चतुर असा हा गृहस्थ वाचकाला इतका आवडून जातो, की त्याने जे केले नाही त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही बहुधा मनात येत नाही. आजचे चार शब्द या पित्याविषयी आहेत.

या स्वभावाचे सर्वांत बारकाईने रेखाटलेले चित्र जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत आहे. लाँगबर्नचे श्रीयुत बेनेट हे वर्षाला दोन हजार पौंड उत्पन्नाचे जमीनदार. मुली पाच, मुलगा नाही. वारसाच्या अटीमुळे त्यांच्या पश्चात सारी मिळकत दूरच्या नात्यातील कॉलिन्सकडे जाणार, हे ठरलेले. तरुणपणी रूपावर भाळून त्यांनी विवाह केला. पत्नी उथळ बुद्धीची आहे हे लवकरच कळले. या निराशेवर त्यांनी दोन उपाय शोधले. एक, आपले ग्रंथालय, जिथे दार लावून घेतले की घरातला गलका ऐकू येत नाही. दुसरा, पत्नीच्या आणि धाकट्या मुलींच्या वेडगळपणाकडे करमणूक म्हणून पाहणे. त्यांचे टोमणे इतके चुरचुरीत असतात, की वाचक कादंबरीचा पूर्वार्ध त्यांच्याच बाजूने हसत घालवतो. ऑस्टिन यांची चतुराई येथेच आहे. त्या वाचकाला आधी या माणसाच्या शेजारच्या खुर्चीत बसवतात आणि मग हळूहळू हिशेब पुढे मांडतात.

हिशेबाची पहिली रक्कम पैशाचीच आहे. मुलगा होईल आणि मिळकतीचा प्रश्न आपोआप सुटेल, या भरवशावर बेनेट यांनी एकाही वर्षी काही बाजूला टाकले नाही. पाच मुली झाल्या, तरी आशा सुटली नाही. ती सुटली तेव्हा काटकसरीची वेळ टळून गेली होती. पत्नीला काटकसर जमत नव्हती हे खरे, पण ती शिकवण्याचा त्रासही कोणी घेतला नव्हता.

दुसरी रक्कम अधिक जड आहे. धाकटी लिडिया जेमतेम सोळा वर्षांची. लष्करी छावणी ब्रायटनला हलते आणि कर्नल फॉर्स्टर यांची तरुण पत्नी लिडियाला सोबत येण्याचे निमंत्रण देते. थोरली बहीण एलिझाबेथ वडिलांना एकांतात गाठून कळवळून सांगते, की हिला पाठवू नका. हिचा स्वभाव आताच आवरला नाही तर तो पुढे आवरणार नाही, आणि किटीही हिच्याच पावलावर पाऊल टाकील. बेनेट सारे ऐकून घेतात. उत्तर मात्र असे देतात, की ही गेली नाही तर घरात शांतता म्हणून राहणार नाही. शिवाय कर्नल समंजस आहेत, ते लक्ष ठेवतील. मुलीला जाऊ देणे येथे तिच्यावरील विश्वासातून आलेले नाही. तो आपल्या शांततेसाठी केलेला सौदा आहे. पुढे लिडिया विकहॅम नावाच्या लबाड अधिकाऱ्याबरोबर पळून जाते आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे पाचही बहिणींच्या विवाहाच्या वाटा एका दिवसात बंद होण्याची पाळी येते.

बेनेट लंडनला जातात, शोधतात, हात हलवत परत येतात. पुढचा सारा शोध मेहुणे गार्डिनर यांच्यावर पडतो. परतल्यावर ते एलिझाबेथला मोकळेपणाने सांगतात की दोष आपलाच आहे. मात्र हा सल फार काळ टिकेल अशी भीती नाही, हेही तिथल्या तिथे जोडतात. आणि खरोखर तो टिकत नाही. विकहॅमला पैसे देऊन लग्नाला तयार केल्याचे कळते, तेव्हा त्यांच्या मनातला हिशेब लेखिका निर्विकारपणे सांगते: लिडियाला वर्षाला शंभर पौंड द्यायचे, पण घरी असताना तिचा खर्च जवळपास तितकाच होता, म्हणजे तोटा वर्षाला दहा पौंडांचाही नाही. आपल्याला विशेष खटपट न करता काम उरकले, याचे त्यांना सुखद आश्चर्य वाटते. पुढे कळते की पैसा डार्सीने भरला. मेहुण्याचे कर्ज फेडावे लागणार नाही, म्हणून तेव्हाही सुटकेचा निःश्वासच पडतो. एका पित्याविषयी इतके कठोर विधान इतक्या शांत स्वरात क्वचितच कोणी केले असेल.

तरीही बेनेट यांना खलपुरुष ठरवता येत नाही. कॉलिन्सने एलिझाबेथला मागणी घातली आणि तिने ती नाकारली, तेव्हा आई तिचे तोंड पाहणार नाही म्हणते. बेनेट गंभीर चेहऱ्याने मुलीला सांगतात, की तू हे लग्न केलेस तर मी तुझे तोंड पाहणार नाही. मुलीच्या बाजूने ठामपणे उभे राहणारा बाप त्या काळच्या साहित्यात सहज सापडत नाही. पण याच प्रसंगात एक गोष्ट दडलेली आहे. हा आधार मिळतो तो एलिझाबेथला, कारण ती त्यांच्यासारखी बुद्धिमान आहे, तिच्याशी बोलण्यात त्यांना रस वाटतो. मेरी, किटी आणि लिडिया यांच्या वाट्याला थट्टेपलीकडे काही येत नाही. आवडत्या अपत्याची वडिलांविषयीची आठवण आणि त्याच घरातील दुर्लक्षित अपत्याची आठवण या दोन निरनिराळ्या माणसांच्या वाटाव्यात इतके अंतर पडते. एलिझाबेथचे वडिलांवर अतोनात प्रेम आहे, तरी त्यांच्या वागण्यातला दोष तिला कधीच दिसला नाही असे नाही. ती तो विसरू पाहत होती, असे ऑस्टिन सांगतात.

मराठी वाचकाला अशा वेळी धृतराष्ट्र आठवतो. पण तो या पंगतीतला नव्हे. द्यूतसभेत काय जिंकले, काय जिंकले, असे अधीरपणे विचारणारा तो राजा अलिप्त नव्हता. तो पुत्रमोहात पुरता गुंतलेला होता. अलिप्त पित्याला मोहसुद्धा श्रमाचा वाटतो.

ऑस्टिन यांच्याच ‘मॅन्सफील्ड पार्क’मधील (१८१४) सर थॉमस बर्ट्राम दुसऱ्या जातीचे आहेत: शिस्तप्रिय, आदरणीय, मुलींना सर्व कला शिकवण्यावर सढळ खर्च करणारे. त्यांची मने घडवण्याचे काम मात्र त्यांनी मेहुणीच्या हाती सोपवलेले असते. शुल्क भरले म्हणजे कर्तव्य संपले, अशी त्यांची समजूत. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही आणि ते वाचलेले मात्र आईने, हा प्रकार ज्या घरांत चालतो, त्या घरांत सर थॉमस यांची ओळख करून देण्याची गरज नाही.

येथे एक गफलत टाळली पाहिजे. मुलांना मोकळे सोडणारा प्रत्येक पिता अलिप्त नसतो. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) मधील ॲटिकस फिंचला त्याची मुले नावाने हाक मारतात, गावभर हुंदडतात. त्याच्या बहिणीला तर हे बेशिस्तीचे टोक वाटते. पण जेमने शेजारच्या म्हाताऱ्या बाईंची कॅमेलियाची झाडे रागाच्या भरात छाटून टाकली, तेव्हा हाच बाप त्याला एकट्याला तिच्या दारी पाठवतो, आणि ती मागते त्याप्रमाणे महिनाभर तिला वाचून दाखवायला लावतो. रोज संध्याकाळी तो मुलीला मांडीवर घेऊन वाचत बसतो, आणि कादंबरीच्या शेवटी जखमी मुलाच्या उशाशी रात्रभर बसून राहतो. मोकळीक बेनेटही देतात आणि ॲटिकसही. मुलांना हवा तेव्हा यांतला कोण सापडतो, एवढाच काय तो फरक.

जमीनदाराच्या ग्रंथालयातून बंगालच्या खेड्यात आले, की न्यायाचे माप बदलावे लागते. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’वर सत्यजित राय यांनी १९५५ साली काढलेल्या चित्रपटातील हरिहर गरीब पुरोहित आहे. भावाच्या नावे दाखवलेल्या कर्जापोटी त्याने वडिलोपार्जित बाग तक्रार न करता सोडून दिली. थकलेला पगार मागायला त्याची जीभ रेटत नाही. सारे ठीक होईल, हा त्याचा कायमचा दिलासा. त्या बागेतले पेरू उचलणाऱ्या दुर्गेला शेजारीण चोर म्हणते. बाग एकेकाळी तिचीच होती. हरिहर कामाच्या शोधात महिनोन्‌महिने बाहेर राहतो आणि परततो तो दुर्गेसाठी साडी घेऊन, दुर्गा गेल्यानंतर. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाला अलिप्त म्हणणे अन्यायाचे होईल. नोकरीपायी महाराष्ट्राबाहेर पांगलेल्या आणि आपल्या मुलांसाठी अशा शाळा उभ्या करणाऱ्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. हरिहरच्या दूर जाण्याला दोष देता येत नाही. दोष आहे तो दूर जाण्यापूर्वीच्या त्या हसतमुख निश्चिंतपणात, ज्यामुळे साऱ्या काळज्या एकट्या सर्वजयेच्या पदरी पडल्या.

हरिहरचा मुलगा अपू. ‘अपूर संसार’मध्ये (१९५९) त्याची पत्नी अपर्णा बाळंतपणात दगावते आणि तो मुलाचे तोंडही न पाहता निघून जातो. काजल जिवंत आहे म्हणून अपर्णा नाही, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. मित्र पुलू त्याला शोधून काढतो तोवर मुलगा आजोबांच्या घरी पाच वर्षांचा झालेला आहे. वडील शहरात राहतात, एवढेच त्याला माहीत. अपू समोर उभा राहतो तेव्हा काजल त्याला दगड मारतो. आजोबा नातवावर काठी उगारतात आणि अपू ती अडवतो. मुलासाठी त्याने केलेली ही पहिलीच गोष्ट. तो हताश होऊन परत निघतो, तेव्हा काजल अंतर राखून मागे येतो. वडील आहोत असे सांगितले तर त्याचा विश्वास बसत नाही. मित्र आहे म्हटल्यावर बसतो. मग तो मुलगा त्या मित्राच्या खांद्यावर बसून कलकत्त्याला, आपल्या बाबांना भेटायला निघतो. ज्याच्या खांद्यावर आपण बसलो आहोत तो कोण, हे त्याला कळले आहे की नाही, ते राय सांगत नाहीत.